नवरा तिकडे, आपण नाशिकला: स्पाउस व्हिसाच्या लांबलेल्या रांगेत काय काय करायचं

लग्न झालं, नवरा परत गेला, आय-१३० (बायकोला तिकडे न्यायचा पहिला अर्ज) भरला, आणि आता रोज स्टेटस उघडलं की तेच एक वाक्य दिसतं. इंदिरानगर, गंगापूर रोड, नाशिकरोड, कुठेही विचारा, कुणाची तरी सून नाहीतर मुलगी व्हिसासाठी थांबलेली असतेच. मी पण त्यातलीच, नवरा न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर आहे. म्हणून इथे मुख्य सगळं अमेरिकेच्या केसचं लिहितेय, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, यूकेचं मधे थोडक्यात येईल. आणि सोयीसाठी नवरा म्हणतेय, बायको तिकडे असेल तरी सगळं तेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की रांग आपल्याला ढकलता येत नाही, पण आपल्या कागदामुळे ती अजून लांबणार नाही हे बघणं पूर्ण आपल्या हातात आहे. आणि तोवर इथलं आयुष्य बंद करून बसायचं नाही, हे तर त्याहून जास्त आपल्या हातात आहे.

आधी आपली रांग कुठली ते बघा

नवरा सिटिझन असेल तर तुम्ही इमिजिएट रिलेटिव्ह (अगदी जवळचे नातेवाईक), तुमचा व्हिसा सीआर-१ किंवा आयआर-१. या कॅटेगरीला वर्षाचा कोटा नाही, वेळ लागतो तो फक्त फाइल तपासण्यात आणि इंटरव्ह्यूची तारीख मिळण्यात. नवरा ग्रीन कार्डवर असेल तर तुम्ही एफ-२-ए, आणि इथे कोटा आहे. फॅमिली प्रेफरन्सच्या सगळ्या कॅटेगरी मिळून वर्षाला साधारण २,२६,००० व्हिसा असतात, त्यात एफ-२-ए ला जवळपास ८८,०००. एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असते पण एफ-२-ए चे ७५ टक्के व्हिसा त्या मर्यादेबाहेर असतात, त्यामुळे भावंडांच्या कॅटेगरीत भारताची जी अवस्था आहे ती इथे नाही. कुणी "इंडियाला वीस वर्षं लागतात" म्हणून घाबरवलं तर तो भावंडांच्या एफ-४ सारख्या रांगांबद्दल बोलत असतो, तुमच्या नाही.

एफ-२-ए वाल्यांनी व्हिसा बुलेटिन वाचायला शिकायचं, अवघड नाही. तुमचा आय-१३० ज्या तारखेला यूएससीआयएसला (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला) मिळाला ती तुमची प्रायॉरिटी डेट, रिसीट नोटीसवर छापलेली असते. अमेरिकन परराष्ट्र खात्याचं हे बुलेटिन महिन्यातून एकदा येतं, त्यात दोन तक्ते असतात. 'डेट्स फॉर फाइलिंग'ची तारीख तुमच्या तारखेच्या पुढे गेली की एनव्हीसी (नॅशनल व्हिसा सेंटर) कागद मागायला लागतं, 'फायनल अॅक्शन डेट्स' पुढे गेली की व्हिसा देता येतो. ही तारीख मागे पण जाते हे आधीच मनाशी धरून ठेवा. एफ-२-ए कितीतरी काळ 'करंट' होतं (म्हणजे तारखेची वाट बघायलाच लागत नव्हती), मग एप्रिल २०२३ मध्ये एकदम सप्टेंबर २०२० वर जाऊन बसलं, आणि ज्यांनी घर आवरायला घेतलं होतं ते तसेच अडकले. सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे मोठी हालचाल बरेचदा तेव्हा दिसते. महिन्यातून एकदा बघा, पुरे.

नवऱ्याला ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं होत आली असतील तर हे नीट वाचा. पाच वर्षं व्हायच्या ९० दिवस आधीपासून सिटिझनशिपचा अर्ज भरता येतो (बाकी अटी बसत असतील तर), आणि तो सिटिझन झाला की तुमची केस एफ-२-ए मधून इमिजिएट रिलेटिव्हमध्ये जाते, कोट्याची भानगडच संपते. त्यासाठी नॅचरलायझेशन सर्टिफिकेटची कॉपी पाठवून कळवावं लागतं, आय-१३० पेंडिंग असेल तर यूएससीआयएसला आणि अप्रूव्ह झाला असेल तर एनव्हीसीला. मूल असेल तर मात्र जपून: एफ-२-ए मध्ये मूल आईच्याच केसमध्ये येतं, इमिजिएट रिलेटिव्हमध्ये प्रत्येक मुलाचा वेगळा आय-१३० लागतो. हे उशिरा कळलं तर आईचा व्हिसा तयार आणि मूल मागे राहतं, म्हणून शपथविधीच्या आधीच वकिलाशी बोलून घ्या.

केस आत्ता कुणाच्या टेबलावर आहे

टप्पे तीन: यूएससीआयएस, मग एनव्हीसी, मग मुंबईचं कॉन्सुलेट. तुम्ही कुठल्या टप्प्यात आहात त्यावर काय विचारायचं आणि कुणाला विचारायचं हे ठरतं, म्हणून ही गोष्ट पक्की असू द्या.

यूएससीआयएसकडे असेल तर नवऱ्याच्या ऑनलाइन अकाउंटवर स्टेटस दिसतं. साईटवर 'प्रोसेसिंग टाइम' म्हणून जो आकडा दिसतो तो ८० टक्के केसेस तेवढ्या वेळात संपल्या असा असतो, म्हणजे पाचातली एक केस त्याच्याही पुढे जाते आणि ती तुमची असली तर त्याचा अर्थ काही बिघडलंय असा होत नाही. त्याच पानावर रिसीट डेट टाकली की चौकशी कधीपासून करता येईल ती तारीख येते. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तोपर्यंत रोज स्टेटस बघणं सोडा. खरंच सोडा, नोटिफिकेशन चालू असलं की बदल झाला की मेल येतोच. आम्ही घरात ठरवलंय की स्टेटस फक्त नवरा बघणार आणि काही बदललं तरच सांगणार, त्याने माझ्या झोपेत जमीन-अस्मानाचा फरक पडलाय.

नाशिकचे कागद, आत्ताच

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण खरा वेळ इथे जातो आणि तो वाचवता येतो.

जन्माचा दाखला पहिल्यांदा. तुमचा जन्म शहरात झाला असेल तर महापालिकेच्या ज्या विभागात दवाखाना होता तिथल्या विभागीय कार्यालयात नोंद असते, म्हणजे पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, सिडको किंवा नाशिकरोड. आजोळी जन्म झाला असेल तर त्या गावच्या ग्रामपंचायतीत. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे वाढलात नाशिकला आणि नोंद सिन्नर नाहीतर निफाड तालुक्यातल्या एखाद्या गावात, असं सर्रास असतं, तेव्हा आधी आईला नीट विचारा.

आणि दाखला हातात घेतला की तिथेच उभं राहून वाचा. आमच्या पिढीच्या कितीतरी दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण नोंद दवाखान्यातून झाली आणि बारसं नंतर. माझ्या नणंदेच्या वेळी मी सोबत होते, क्लार्कने जुनं जाड रजिस्टर काढलं, पानं कडेने पिवळी पडलेली, बोट फिरवत ओळ सापडवली तर लिंग 'स्त्री', आईचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, सगळं सुंदर अक्षरात, आणि नावापुढे नुसती रेघ. अशा वेळी नाव टाकून घ्यावं लागतं. कायद्याने त्याला जन्मनोंदणीपासून १५ वर्षांची मुदत आहे, शासन अधूनमधून ती वाढवतं, तेव्हा खिडकीवर स्पष्ट विचारा की आत्ता मुदत चालू आहे का, आणि शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आईवडिलांचे पुरावे सोबत घेऊनच जा.

नोंदच नसेल तर दोन रस्ते. एक, उशिराची जन्मनोंद. एक वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि २०२५ पासून राज्यात अशा नोंदींची तपासणी बरीच कडक झालीय, आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या जन्मदाखल्यांच्या प्रकरणानंतर तर जास्तच, म्हणून यात घाई चालत नाही. दुसरा रस्ता, नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा आणि सोबत आईवडिलांची नावं असलेला शाळेचा दाखला व जवळच्या नातेवाइकाचं अॅफिडेव्हिट जोडायचं. अमेरिकेच्या केसमध्ये हा पर्याय मान्य आहे. माझं मत विचाराल तर लग्नानंतर केस भरलीय आणि नोंद सापडत नाहीये, तर दुसरा रस्ता धरा.

लग्नाचं सर्टिफिकेट महापालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं नोंदणी प्रमाणपत्रच लागतं, मंगल कार्यालयाची पावती आणि पत्रिका हे फक्त जोडीचे पुरावे. त्यावरची स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर-अक्षर जुळवा. कुठलाही कागद नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या, भाषांतर करणाऱ्याची सही आणि 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे' असं लिहिलेलं हवं.

आता नावाचं, कारण आपल्याकडे इथेच गाडी अडते. पासपोर्ट माहेरच्या नावावर, आधार सासरच्या, पॅन तिसऱ्याच पद्धतीचं, मधलं नाव आधी वडिलांचं मग नवऱ्याचं, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावसुद्धा बदलतात. पासपोर्टवर सासरचं नाव लावणं बंधनकारक नाही, माहेरच्या नावाने व्हिसा मिळतो. माझा सल्ला: केस चालू असताना पासपोर्टवरचं नाव बदलू नका, सासरच्यांना शांतपणे सांगा की हे तिकडे गेल्यावरही करता येईल. आधीच बदललं असेल तर गॅझेटची प्रत, दोन्ही पासपोर्ट आणि 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं अॅफिडेव्हिट एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि फॉर्ममध्ये आधीची नावं विचारतात तिथे सगळी लिहा.

पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) मात्र लवकर काढू नका. पासपोर्ट सेवाच्या साईटवर अर्ज, ५०० रुपये फी, मग केंद्रात अपॉइंटमेंट आणि गरज पडली तर पोलीस स्टेशनचं व्हेरिफिकेशन. एनव्हीसीला पोलीस सर्टिफिकेट दोन वर्षांपर्यंतचं चालतं, त्यामुळे सीआर-१ वाल्यांनी आय-१३० अप्रूव्ह झाल्यावर आणि एफ-२-ए वाल्यांनी तारीख जवळ आली की काढायचं. १६ वर्षांची झाल्यानंतर दुसऱ्या कुठल्या देशात वर्षभर राहिला असाल, दुबई म्हणा सिंगापूर म्हणा, तर तिथलं पण लागतं, आणि ते इथे बसून मिळवायला वेळ लागतो, ती चौकशी आजच सुरू करा.

अजून एक, खास आपल्यासाठी. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे, पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. महापालिका आणि पोलीस दोन्ही तेव्हा त्याच कामात असणार, दाखल्याचं आणि व्हेरिफिकेशनचं काम त्या महिन्यांवर ढकलू नका.

एनव्हीसीचा टप्पा

आय-१३० अप्रूव्ह झाला की केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते आणि बीएमबी ने सुरू होणारा केस नंबर येतो. दोन फिया: व्हिसा अर्जाची ३२५ डॉलर आणि अॅफिडेव्हिट ऑफ सपोर्टची १२०. मग तुम्ही डीएस-२६० (व्हिसाचा अर्ज) भरता, नवरा आय-८६४ (अॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट, म्हणजे तुमच्या खर्चाची हमी) भरतो, आणि कागद स्कॅन करून अपलोड.

आय-८६४ मध्ये नवऱ्याचं उत्पन्न फेडरल पॉव्हर्टी गाइडलाइनच्या १२५ टक्के दाखवावं लागतं, दोघांच्या घरासाठी २०२५ च्या आकड्याने ते साधारण २६,४३७ डॉलर होतं. कमी पडत असेल तर तिथला सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला कुणी जॉइंट स्पॉन्सर होऊ शकतो, मामा, काका, मित्र. वाट बघता बघता टॅक्सचं नवं वर्ष लागतं, तेव्हा इंटरव्ह्यूला नवीन वर्षाचं ट्रान्स्क्रिप्ट सोबत असू द्या.

सगळं अपलोड झालं की सबमिट करण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी डोळ्याखालून घालायला सांगा. एक धूसर स्कॅन किंवा दाखल्याची मागची बाजू राहिली तरी फाइल परत येते आणि नव्याने तपासणीच्या रांगेत लागते. कागद मान्य झाले की 'डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड' असा मेल येतो, मग इंटरव्ह्यूची वाट. एनव्हीसी आत्ता कुठल्या तारखेचे कागद तपासतंय ते त्यांच्या 'टाइमफ्रेम्स' पानावर असतं. आणि एनव्हीसीच्या नोटिशीला वर्षभर काहीच उत्तर दिलं नाही तर केस बंद व्हायची प्रक्रिया सुरू होऊ शकते, म्हणून तयारी नसली तरी वर्षाच्या आत संपर्क ठेवाच.

ढकलता येतं का

थोडंफार, आणि योग्य कारण असेल तरच. यूएससीआयएसला एक्सपिडाइट रिक्वेस्ट (केस लवकर घ्यायची विनंती) करता येते, गंभीर आजारपण, तातडीची मानवी अडचण, मोठं आर्थिक नुकसान, आणि प्रत्येकाला कागदी पुरावा लागतो. 'आम्ही वेगळे राहतोय' एवढ्यावर मिळत नाही, कारण रांगेतले सगळेच वेगळे राहतायत. एनव्हीसीच्या टप्प्यात जिवावरचं आजारपण असेल तर डॉक्टरांचं पत्र लावून मागता येतं.

नॉर्मल वेळ उलटून गेली असेल तर नवऱ्याने त्याच्या भागातल्या काँग्रेस मेंबरच्या ऑफिसला लिहायचं, ग्रीन कार्डवाला पण लिहू शकतो, प्रायव्हसी रिलीज फॉर्म भरून द्यावा लागतो. ते केस पास करत नाहीत, पण अडकलेली फाइल कुठे आहे याचं उत्तर मिळतं. त्यापुढचा उपाय म्हणजे कोर्टात मँडेमस (खात्याने निर्णय द्यावा असा आदेश मागणं), तो वकिलाशी बोलून आणि खर्च बघून.

कुणी एजंट 'आतून फास्ट ट्रॅक करून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर उठून या. असा कुठलाही रस्ता नाही, आणि त्याने फॉर्ममध्ये एखादी खोटी गोष्ट भरली तर कायमची बंदी तुमच्यावर येते, त्याच्यावर नाही.

टुरिस्ट व्हिसावर भेटून येऊ का, हा प्रश्न प्रत्येकीच्या मनात येतो. बंदी नाही, पण फॉर्ममध्ये 'तुमच्यासाठी इमिग्रंट पिटिशन भरलंय का' हे विचारतात, खरं उत्तर 'हो' द्यावंच लागतं, आणि मग २१४(बी) खाली, म्हणजे 'ही परत जाणार नाही' असं धरून, नकार मिळायची शक्यता मोठी. त्यापेक्षा नवऱ्याने इकडे येणं सोपं. ग्रीन कार्डवाल्याने मात्र सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहू नये, सिटिझनशिपच्या सलग राहण्याच्या अटीवर प्रश्न उभा राहतो. तो आला की तिकिटं, बोर्डिंग पास, सगळ्यांसोबतचे फोटो जपून ठेवा, नात्याचा पुरावा म्हणून पुढे लागतात.

मधल्या काळातलं आयुष्य

नोकरी सोडू नका. इथे मी अगदी ठाम आहे. 'आता काय, जायचंच आहे' म्हणून अप्रूव्हलच्या मेलवर राजीनामा देणाऱ्या मुली बघितल्यात, आणि मग रिकामं घर आणि रिकामा दिवस खायला उठतो. पासपोर्टवर व्हिसा चिकटून हातात आल्यावर नोटीस पीरियड द्या, व्हिसाला साधारण मेडिकलच्या तारखेपासून सहा महिने असतात, महिना-दोन महिन्यांची नोटीस त्यात सहज बसते.

डिग्रीचे ट्रान्स्क्रिप्ट आत्ता काढा. नाशिकच्या बहुतेक कॉलेजांचं विद्यापीठ पुणे, नर्सिंग आणि मेडिकलवाल्यांचं आरोग्य विद्यापीठ, आणि मुक्त विद्यापीठ तर गंगापूर धरणाच्या रस्त्यालाच. तिकडे नोकरीसाठी किंवा लायसन्ससाठी मार्कशीटचं इव्हॅल्युएशन लागतं, आणि सातासमुद्रापार बसून कॉलेजच्या ऑफिसला फोन करत राहणं फार जिकिरीचं. गाडी शिका, नुसतं लायसन्स नको, रोज चालवा. जायच्या आधी पेठ रोडच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट घेता येतं, वर्षभर चालतं.

फोनची वेळ ठरवून घ्या. न्यू जर्सीचं आणि आपलं अंतर हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ, मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडचं घड्याळ सरकतं तेव्हा आठवडाभर गोंधळ होतोच. आमचा फोन संध्याकाळचा, त्याची ऑफिसला निघायची गडबड आणि माझा कुकर लावलेला. त्यात एक दिवस ठरवलाय व्हिसाचं बोलायचा, रविवार. बाकीचे दिवस तो विषय काढायचा नाही, भाजी काय केली, आईचा गुडघा कसा आहे, हे बोलायचं. नातं यावर टिकतं असं मला मनापासून वाटतं, नाहीतर दोघं नवरा-बायको न राहता एका फाइलचे दोन क्लार्क होऊन जातात.

नातेवाईक विचारणारच, हळदीकुंकवात, लग्नात, पाडव्याला तर हमखास. 'काय गं, अजून नाही झालं?' एकच उत्तर पाठ करा: "केस रांगेत आहे, तारीख आली की तुम्हाला सांगतेच." सासू-सासऱ्यांना मात्र एकदा बसवून टप्पे समजावून सांगा, त्यांना कळलं की पुढे लोकांना तेच उत्तर देतात. आणि रडू आलं, झोप उडाली, जेवण जाईना, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीत बोलतात.

दुसऱ्या देशांचं थोडक्यात

कॅनडात नवरा तिथे राहत असल्यामुळे माहितीच्या अधिकारासारखा अर्ज करून केसच्या आतल्या नोंदी, जीसीएमएस नोट्स, मागवू शकतो, फी ५ डॉलर. अडकलेल्या केसमध्ये ते सगळ्यात आधी करा. मेडिकल तिथे १२ महिने चालतं. ऑस्ट्रेलियाचा ३०९/१०० हा पार्टनर व्हिसा दोन टप्प्यांचा असतो, आर्थिक, घरगुती, सामाजिक आणि बांधिलकी अशा चार बाजूंनी नातं तपासतात, वाट बघताना नवे पुरावे इमी-अकाउंटवर टाकत राहायचे. यूकेत एप्रिल २०२४ पासून स्पॉन्सरचं उत्पन्न वर्षाला २९,००० पाउंड लागतं, आणि भारतातून जाणाऱ्यांना टीबीचं सर्टिफिकेट, जे सहाच महिने चालतं.

तारीख आली की

इंटरव्ह्यू लेटर आल्यावरच मेडिकल, तेही त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड शोधून ठेवा, नाहीतर लसी परत घ्याव्या लागतात. कधीकाळी टीबी होऊन गेला असेल तर जुने एक्स-रे आणि उपचाराचे कागद न्या, एक्स-रेत काही दिसलं तर थुंकीची कल्चर टेस्ट आठ आठवडे घेते, म्हणून मेडिकल इंटरव्ह्यूच्या अगदी आदल्या दिवशी ठेवू नका.

इंटरव्ह्यू बीकेसीला. सकाळची वेळ असेल तर त्याच दिवशी निघू नका, पंचवटी एक्स्प्रेसने पोचायलाच साडेदहा-अकरा वाजतात आणि कसारा घाटात काय होईल सांगता येत नाही. आदल्या दिवशी जा, मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करा, ओरिजिनल कागद आणि एक झेरॉक्सचा सेट. प्रश्न साधे असतात, कसे भेटलात, लग्न कुठे झालं, नवरा काय करतो, शेवटचा कधी आला होता. ठरवून मॅचमेकिंगने झालेलं लग्न त्यांना नवीन नाही, जसं झालं तसं सांगा.

२२१(जी)ची चिठ्ठी मिळाली तर हात-पाय गाळू नका. काहीतरी कागद हवाय किंवा तपासणी बाकी आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. त्या काळात ऑनलाइन स्टेटसवर 'रिफ्यूज्ड' असं दिसतं, सगळ्यांनाच दिसतं. मागितलेला कागद त्यांनी सांगितलेल्या पद्धतीनेच द्या आणि पोच जपून ठेवा.

पासपोर्ट हातात आला की कॅटेगरी बघा. अमेरिकेत पाऊल ठेवायच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर सिटिझनच्या बायकोला सीआर-१ वर दोन वर्षांचं कंडिशनल ग्रीन कार्ड मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (कार्डावरची अट काढायचा अर्ज) भरावा लागतो. दोन वर्षं पूर्ण व्हायला थोडेच दिवस बाकी असतील आणि व्हिसाची मुदत पुरत असेल तर तिकीट त्या तारखेनंतरचं काढा, थेट दहा वर्षांचं कार्ड मिळतं. मग २३५ डॉलरची यूएससीआयएस इमिग्रंट फी ऑनलाइन भरा, ती भरल्याशिवाय कार्ड छापत नाहीत, आणि नावाचं स्पेलिंग व जन्मतारीख व्हिसावर बरोबर आहे का ते तपासा. चूक असेल तर दुरुस्ती मुंबईतच करून घ्या, विमानात बसायच्या आधी.